हलगीचा ताल आणि आमचे गद्य

वाङ्मयेतिहासकार अण्णाभाऊ साठे यांचे दोन तुकडे करतात: शाहीर वेगळा, कादंबरीकार वेगळा. मला हे मान्य नाही. १९२० साली वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या अण्णाभाऊंना शाळा जवळजवळ मिळालीच नाही. वाक्य शिकवले तमाशाच्या फडाने. १९४४ साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. ‘फकिरा’ आली १९५९ साली. म्हणजे त्या कादंबरीमागे किमान पंधरा वर्षांचे गाणे उभे आहे.

गावकीत हलगी वाजवणे ही आमच्यावर लादलेली चाकरी होती. ती नाकारलीच पाहिजे. ताल मात्र आमचा आहे. घरात पहिल्यांदा लेखणी धरणाऱ्या मला वाक्य कुठे तोडावे हे व्याकरणाआधी त्या तालाने सांगितले. चाकरी टाकताना हा वारसा टाकून चालणार नाही.