न थांबणाऱ्या चेंडूचा फोटो

मंडळी, आज मला एका फोटोची गोष्ट सांगायची आहे. आमच्या लहानपणी बाळ वर्षाचं झालं की त्याला स्टुडिओत नेऊन फोटो काढायची पद्धत होती. बाळ काही केल्या स्थिर बसायचं नाही, आणि फोटोत चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका डाग यायचा. मग फोटोग्राफर सांगायचा, "वहिनी, तुम्ही मांडीवर घ्या आणि घट्ट धरा." फोटो चांगला यायचा. फक्त त्यात आईचे हातही यायचे.

१९९०च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञांपुढे अगदी हीच अडचण उभी राहिली होती. त्यांचं बाळ म्हणजे साठ कार्बन अणूंचा एक चेंडू, सी-६०.

चेंडूच्या शोधाची हकीकत तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल, म्हणून मी भराभर सांगतो. सप्टेंबर १९८५, अमेरिकेत ह्यूस्टनचं राइस विद्यापीठ. इंग्लंडहून आलेले हॅरल्ड क्रोटो, तिथले रिचर्ड स्मॉली आणि रॉबर्ट कर्ल, आणि त्यांचे विद्यार्थी. ग्रॅफाइटवर लेझर मारायचा, हेलियम वायूत ती वाफ थंड करायची आणि तयार होणाऱ्या कणांचं वस्तुमान मोजायचं, असा प्रयोग होता. ७२० या आकड्यावर काटा इतका उंच गेला की बाकीचे त्याच्यापुढे ठेंगणे दिसले. कार्बनचं वस्तुमान १२, म्हणजे बारा गुणिले साठ. स्मॉलींनी रात्री घरी कागदाचे पंचकोन आणि षटकोन कापून, चिकटवून मॉडेल केलं: १२ पंचकोन, २० षटकोन, साठ कोपरे. आपला फुटबॉल! बकमिन्स्टर फुलर या वास्तुरचनाकाराच्या घुमटांवरून त्याला नाव मिळालं, आणि या सगळ्या घराण्याला फुलरीन म्हणू लागले.

पण हातात काय होतं? एक आकडा आणि एक कागदी चेंडू. डोळ्यांना दिसेल एवढा पदार्थ कुणाकडेच नव्हता. त्यामुळे शंका घेणारेही होते, आणि मला वाटतं ते रास्तच होतं. वजनावरून आकार ठरवायचा म्हणजे पोत्याच्या वजनावरून आत ज्वारी आहे की बाजरी हे सांगण्यासारखं.

१९९० साली जर्मनीतल्या हायडेलबर्गचे क्रॅचमर आणि अमेरिकेत ॲरिझोनाचे हफमन यांनी मार्ग काढला. हेलियममध्ये कार्बनच्या कांड्यांमध्ये विद्युत आर्क पेटवायचा, जमलेली काजळी बेंझीनमध्ये ढवळायची. बेंझीन लाल झालं आणि ते उडून गेल्यावर स्फटिक मागे उरले. यातली गंमत अशी, की याच दोघांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला काजळीचे आलेख काढताना उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे पाहिले होते आणि काहीतरी घाण मिसळली असेल म्हणून ते बाजूला ठेवले होते.

आता स्फटिक मिळाले म्हणजे प्रश्न सुटायला हवा होता. स्फटिकावर क्ष-किरण टाकले की अणूंच्या जागा कळतात, ही पद्धत तेव्हा चांगली रुळलेली होती. पण इथे ती अडली. टोपलीत संत्री रचावीत तसे हे गोळे एकमेकांवर रचले जात होते खरे, पण प्रत्येक गोळा जागच्या जागी भोवऱ्यासारखा गरगरत होता, एका सेकंदात अब्जावधी वेळा. क्ष-किरणांना दिसायचा फक्त एक धूसर गोल. इतर पुरावे चेंडूच्या बाजूचे होते. साठही अणू एकसारखे आहेत, हे चुंबकीय अनुस्पंदनाच्या एकाच रेषेवरून दिसत होतं. पण कुठला अणू कुठे आहे, हे दाखवणारं स्वच्छ चित्र नव्हतं.

इथे धातू मदतीला आले.

पहिला मान बर्कलीच्या जोएल हॉकिन्स यांच्या गटाला. त्यांनी ऑस्मियम टेट्रॉक्साइड वापरलं. हे संयुग कार्बनच्या दुहेरी बंधावर जाऊन बसतं, हे जुनं ज्ञान होतं. चेंडूला एका बाजूला ऑस्मियमची मूठ बसली, गोल सारखेपणा मोडला आणि गरगरणं थांबलं. एप्रिल १९९१मध्ये चित्र छापून आलं. साठही कार्बन दिसत होते आणि ते स्मॉलींच्या कागदी चेंडूप्रमाणेच होते. पुढच्याच महिन्यात ड्यूपाँट कंपनीतल्या पॉल फेगन यांच्या गटाने प्लॅटिनम बसवून दाखवलं. त्यातून एक नवीच गोष्ट कळली. चेंडूत षटकोन आहेत, तेव्हा तो बेंझीनसारखा वागेल, धातू षटकोनाच्या मधोमध बसेल, असं पुष्कळांना वाटत होतं. प्लॅटिनमने मात्र दोन षटकोनांच्या सामाईक कडेवरचे फक्त दोन अणू धरले, इथिलीनला धरतो तसे. म्हणजे रूप बेंझीनचं आणि स्वभाव इथिलीनचा.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या ॲलन बाल्च यांनी इरिडियम आणलं. आजच्या व्याख्यानाचे नायक हेच. फुलरीन येण्याआधीपासून ते धातूंच्या संकुलांवर काम करत होते. संकुल म्हणजे मधोमध धातूचा अणू आणि भोवती त्याला इलेक्ट्रॉन देऊन धरून राहिलेले रेणू. त्यांनी निवडलं ते व्हास्का यांच्या नावाने ओळखलं जाणारं इरिडियमचं संकुल. ते ऑक्सिजनला धरतं आणि पुन्हा सोडूनही देतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखं. बाल्च यांनी ऑक्सिजनच्या जागी सी-६० दिला. संकुलाने तो धरला, स्फटिक झाले, आणि ते पुन्हा विरघळवले की दोघे बऱ्याच अंशी सुटेही होत. चेंडूची तोडफोड न करता त्याला धरता येतं, हे मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. मग त्यांनी सी-७० घेतला. हा जरा लांबट, पखवाजाच्या घाटाचा. त्यात वेगवेगळ्या तऱ्हेचे बंध आहेत, पण इरिडियम जाऊन बसलं ते टोकाशी, जिथे पृष्ठभाग जास्त वाकलेला आणि म्हणून जास्त ताणलेला असतो.

पण आईचे हात फोटोत येतात, ते आलेच. धातूने धरलेले दोन कार्बन गोळ्यातून किंचित बाहेर ओढले जातात. म्हणजे तुम्ही पाहता तो चेंडू थोडा बदललेला असतो. बाल्च यांच्या गटाने १९९२ साली इरिडियमच्या संकुलाला लांब हात लावले, टोकाशी बेंझीनची कडी असलेले. स्फटिकात त्या हातांनी शेजारच्या रेणूतल्या चेंडूला कवेत घेतलं. बंध नाही, नुसता स्पर्श. पुढच्या कामाचं बीज मला इथे दिसतं.

ते काम होतं चेंडूच्या आत काय आहे ते पाहण्याचं. १९८५मध्येच राइसच्या गटाने म्हटलं होतं की लँथेनमचा अणू पोकळीत कोंडता येतो. धातू आत आहे की बाहेर चिकटलाय, यावर बरीच वर्षं वाद झाला. जपानी शास्त्रज्ञांनी १९९५ साली इट्रियम आत असल्याचं दाखवलं. मग व्हर्जिनियात हॅरी डॉर्न यांच्या प्रयोगशाळेत आर्कच्या यंत्रात थोडी हवा शिरली आणि तिच्यातल्या नायट्रोजनने वेगळंच काहीतरी घडवलं. ऐंशी कार्बनचा पिंजरा आणि आत स्कँडियमचे तीन अणू, मधोमध एक नायट्रोजन. निदान वस्तुमान तरी तसं सांगत होतं. पुन्हा तोच प्रश्न, पोत्यात ज्वारी की बाजरी?

बाल्च आणि त्यांच्या स्फटिकतज्ज्ञ सहकारी मॅरिलिन ओल्मस्टेड यांनी या वेळी इरिडियम बाजूला ठेवलं. त्यांनी घेतलं पॉर्फिरिन, रक्तातल्या हीमच्या नात्यातला थाळीसारखा रेणू, मध्ये कोबाल्ट, काठावर आठ छोटे इथिल हात. चेंडू त्या थाळीत बसला आणि हात त्याच्याभोवती वळले. कुणी काही ओढलं नाही. १९९९ साली 'नेचर'मध्ये आलेल्या त्या चित्रात तीन स्कँडियम आणि नायट्रोजन एकाच पातळीत, पिंजऱ्याच्या आत दिसतात. हा पिंजरा रिकामा असता तर टिकलाच नसता, आतल्या धातूंनी त्याला सहा इलेक्ट्रॉन दिले म्हणून तो उभा आहे.

१९९६चं नोबेल कर्ल, क्रोटो आणि स्मॉली यांना मिळालं. क्रॅचमर आणि हफमन राहिले, याची हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली आहे. चेंडूला धरून बसवणाऱ्यांची आठवण मात्र फार कुणी काढत नाही.

थाळीची युक्ती पुढे वर्षानुवर्षं चालली. फुलरीनमध्ये दोन पंचकोन शेजारी येत नाहीत, असा एक नियम क्रोटो यांनी १९८७ साली मांडला होता. २००६ साली डेव्हिसच्या प्रयोगशाळेत निकेलच्या थाळीवर टर्बियम भरलेला चौऱ्याऐंशी कार्बनचा पिंजरा बसवला. क्ष-किरणांनी दाखवलं की तो गोल नव्हताच, अंड्यासारखा होता, आणि त्याच्या निमुळत्या टोकाला दोन पंचकोन एकमेकांना खेटून बसले होते.