झिलमटोपापासून फेसमास्कापर्यंत

मोहोळ तालुक्याच्या दक्षिण सरहद्दीवर भीमेच्या काठी बेगमपूर नावाचे गाव आहे, आणि त्याच्या पैलतीरावर ब्रह्मपुरी येथे इ.स. १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेब बादशहाची अफाट छावणी पडून होती, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असेलच. त्या लष्करातील मातबर स्वारांच्या अंगावर बख्तर आणि मस्तकी झिलमटोप असे : लोखंडी टोप, त्याच्या कडेने मानेवर रुळणारी कड्यांची जाळी आणि नाकापुढे वरखाली सरकणारी पोलादी पट्टी. त्यांच्या पिछाडीवर छापे घालणारा सामान्य मराठी स्वार मात्र डोक्यास मुंडासे बांधून, अंगावर लोखंडाचा भार न घेता, हलक्या घोड्यावरून येई आणि तसाच नाहीसा होई. चेहरा झाकावा की उघडा ठेवावा, हा वाद आपल्या वेशीपाशी असा तीन शतकांपूर्वीच येऊन गेला. आज शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉलच्या निमित्ताने तो पुन्हा उपस्थित होतो, एवढेच.

उघड्या चेहऱ्याची आपल्याकडे एक प्रतिष्ठा आहे. सोलापूर जिल्हा हा तालमींचा मुलूख. येथे पैलवानाचा चेचून गाठाळलेला कान ही दुखापत न मानता सनद मानली जाते, आणि तो कान झाकून आखाड्यात उतरणाऱ्याची वस्तादापुढे काय शोभा होईल ते सांगावयास नको. विटीदांडूत विटी डोळ्याखाली बसून वळ घेऊन घरी आलेल्या मुलास आईचा मार वेगळा मिळे, पण संरक्षणाची कल्पना कोणासच सुचत नसे. आबाधोबीत तर गड्याच्या पाठीत चेंडू मारणे हाच खेळ. तो चेंडू चिंध्यांचा असे म्हणून निभावे. परंतु या प्रतिष्ठेचा इतिहासाशी मेळ बसत नाही. इ.स. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, आणि त्यांच्या शौर्याविषयी त्यामुळे कोणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही.

सॉफ्टबॉलचा जन्मही आपल्या चिंध्यांच्या चेंडूसारखाच मवाळ. १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात जमलेल्या मंडळींपैकी कोणी मुष्टियुद्धाचा एक जुना हातमोजा भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हॅन्कॉक या गृहस्थाने तोच हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला. 'सॉफ्टबॉल' हे नाव १९२६ साली वॉल्टर हॅकन्सन याने सुचविले. तोवर, आणि त्यानंतर तर झपाट्याने, चेंडू कठीण होत गेला. नाव तेवढे मऊ राहिले. आज त्याचा घेर बारा इंच आणि वजन १७८ ते १९८ ग्रॅम, म्हणजे ज्या क्रिकेटच्या चेंडूस आपण भितो त्याहून तो वजनाने भारी आहे. भारतात या खेळाची संघटना १९६१ साली जोधपुरात स्थापन झाली आणि पुढे शालेय स्पर्धांच्या यादीतून तो तालुक्यातालुक्यापर्यंत पोहोचला.

चेहऱ्यावरच्या जाळीची कुळकथा याहून जुनी. हार्वर्ड विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचा कप्तान फ्रेडरिक थेयर याने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून कॅचरसाठी तारांची जाळी तयार केली. जेम्स टिंग याने ती १८७७ साली सामन्यात घातली आणि १८७८ साली थेयरला तिचे पेटंट मिळाले. आरंभी लोकांनी तिची उंदराचा सापळा म्हणून टवाळी केली. टवाळी विरली, जाळी राहिली, आणि आज मास्कावाचून कॅचर बसला तर पंच खेळ सुरूच करणार नाही. बॅटरच्या चेहऱ्याची पाळी येण्यास मात्र पुढे सव्वाशे वर्षे लागली : अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या संघटनेने सॉफ्टबॉलच्या बॅटरला हेल्मेटपुढील जाळी सक्तीची केली ती २००६ साली.

आपल्याकडील स्मृती क्रिकेटची आहे. १९६२ च्या मार्चमध्ये बार्बाडोस येथे भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याची कवटी ग्रिफिथच्या चेंडूने फुटली आणि त्याची कसोटी कारकीर्द तेथेच संपली. तरीही त्यानंतर दशकभराने मुंबईचा एकनाथ सोलकर, हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, फॉरवर्ड शॉर्टलेगला बॅटच्या सावलीत उघड्या डोक्याने उभा राहत होता, आणि २७ कसोटींत ५३ झेल घेऊन त्याने ते स्थान अजरामर केले. सोलकरचे धैर्य वंदनीय; पण त्याच स्थानावर, तसाच उघड्या डोक्याने उभा असलेला रमण लांबा १९९८ साली ढाक्यात चेंडू लागून मरण पावला. एकाचे नाव पराक्रमाच्या दप्तरात लागले, दुसऱ्याचे अपघाताच्या. दोघांची जागा एकच होती.

आता आपल्या मैदानाकडे वळू. तालुक्याच्या गावची मैदाने हिरवळीची नसतात. खाली मुरूम, मध्येच एखादा खडा, आणि जमिनीवरून येणारा चेंडू कोठून उसळेल याचा भरवसा नाही. मुलींच्या खेळात पिचर होमप्लेटपासून जास्तीत जास्त त्रेचाळीस फुटांवर असते, आणि ताशी १०० किलोमीटर वेगाने परतणारा चेंडू एवढे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. चेंडू टाकून झाल्यावर तिचा तोल पुढे गेलेला असतो, हात खाली असतात. आंतरराष्ट्रीय नियमांत तिचा मास्क अद्याप ऐच्छिक आहे. जाळीने नजर अडते असा आक्षेप ऐकू येतो. तो कॅचरच्या जाळीवरही घेतला गेला असणार, आणि कॅचर तर प्रत्येक चेंडू त्याच जाळीतून पाहतो. खर्चाचा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर मास्क शाळेने विकत घ्यावा हे आहे, मुलीने गाल पुढे करावा हे नव्हे.

तेव्हा यंदाच्या तालुका स्पर्धांचे परिपत्रक काढणाऱ्या क्रीडाशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना विनंती अशी की, बॅटर, पिचर आणि तिच्याप्रमाणेच बॅटरच्या जवळ उभे राहणारे पहिल्या व तिसऱ्या बेसवरील खेळाडू यांस फेसमास्क सक्तीचा, हे एक कलम त्यात घालावे, आणि हे चार मास्क शाळेच्या दप्तरी साहित्य म्हणून नोंदवावेत.