मधुमेहातील बिंबाणूंची मेदद्रव्ये व रक्तक्लथन

बिंबाणू (प्लेटलेट) हे रक्तातील केंद्रकविरहित सूक्ष्म पेशीखंड असून रक्तवाहिनीस इजा झाल्यास रक्तस्राव थांबविणे हे त्यांचे मुख्य कार्य होय. मधुमेहात बिंबाणूंच्या पटलातील मेदद्रव्यांचे (लिपिडांचे) प्रमाण व त्यांचे रासायनिक रूपांतर बदलते. परिणामी बिंबाणू अल्पशा चेतनेनेही एकमेकांस चिकटतात व रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका वाढतो. मधुमेही व्यक्तींतील हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि पायांच्या रक्तपुरवठ्यातील अडथळा यांमागील हे एक महत्त्वाचे कारण आहे.

प्राकृत कार्य

निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात सुमारे १.५ ते ४.५ लाख बिंबाणू असतात व ते ७ ते १० दिवस टिकतात. त्यांचे पटल फॉस्फोलिपिडांच्या दोन थरांचे बनलेले असते. फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य एरवी आतील थरात असते. बिंबाणू चेतविला गेला की ते बाहेरील पृष्ठावर येते. तेथे कॅल्शियमच्या साहाय्याने क्लथनघटक एकत्र येऊन थ्रॉम्बिन तयार होते आणि फायब्रिनचे जाळे विणले जाते. पटलातूनच मुक्त होणाऱ्या ॲरॅकिडोनिक अम्लापासून थ्रॉम्बॉक्सेन-ए२ बनते व ते इतर बिंबाणूंना चेतविते. याउलट, रक्तवाहिनीच्या अंतःस्तरातून स्रवणारी प्रोस्टासायक्लिन व नायट्रिक ऑक्साइड ही द्रव्ये बिंबाणूंना शांत ठेवतात.

मधुमेहातील बदल

मधुमेहात हा समतोल ढळतो. पटलातील प्रथिनांना ग्लुकोज चिकटते, फॉस्फोलिपिडांच्या तुलनेत कोलेस्टेरॉल वाढू शकते आणि पटलाची प्रवाहिता घटते. थ्रॉम्बॉक्सेनची निर्मिती वाढते, तर अंतःस्तरातील संरक्षक द्रव्ये कमी पडतात. इन्सुलिन एरवी बिंबाणूंची चेतना आवरते. इन्सुलिनरोधामुळे हा आवर सैल होतो. रक्तद्रवातील फायब्रिनोजेन व गुठळी विरघळण्यास अटकाव करणारे द्रव्यही वाढलेले आढळते. त्यामुळे गुठळी घट्ट बनते व सावकाश विरघळते.

तपासणी

डेंग्यूच्या साथींमुळे बिंबाणूंची संख्या हा शब्द घरोघरी परिचित झाला आहे. परंतु संख्येवरून कार्य कळत नाही. मधुमेहात संख्या प्राकृत असूनही बिंबाणू अतिसंवेदनशील असू शकतात. त्यांच्या कार्याच्या विशेष चाचण्या नित्य तपासणीत केल्या जात नाहीत. धोक्याचा अंदाज रक्तशर्करा, रक्तदाब, मेदद्रव्ये, मूत्रपिंडाचे कार्य व धूम्रपान यांवरून बांधला जातो.

उपचार

शर्करा, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांचे नियंत्रण आणि तंबाखूचा त्याग हा उपचारांचा पाया होय. ॲस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेज या विकराचे कार्य कायमचे थांबवून थ्रॉम्बॉक्सेनची निर्मिती रोखते. हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्यांना त्याचा स्पष्ट लाभ होतो. मात्र असा विकार नसलेल्या १५,४८० मधुमेहींवरील 'असेंड' या ब्रिटिश चाचणीत (२०१८) गंभीर रक्तवाहिनीविकार १२ टक्क्यांनी कमी झाले, तर मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढले. म्हणून 'रक्त पातळ करणारी गोळी' वैद्यकीय सल्ल्यावाचून सुरू किंवा बंद करणे योग्य नाही. डेंग्यूचा संशय असल्यास अशा गोळीची माहिती डॉक्टरांना तत्काळ देणे आवश्यक असते, कारण त्या तापात ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्रात मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले. शहरी भागात ते १०.९, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम असूनही त्यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले. त्यामुळे सडपातळ दिसणाऱ्या व्यक्तीतही इन्सुलिनरोध असू शकतो. ही बाब बारामती व इंदापूर यांसारख्या ग्रामीण तालुक्यांत विशेष महत्त्वाची ठरते. केवळ शरीरयष्टी पाहून मधुमेहाची तपासणी टाळल्यास निदान लांबते. बारामती येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असून इंदापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व उच्च रक्तदाबासाठी तपासणी केली जाते.