सोनेरी ड्रॅगन आणि धडे शिकवणारा संगणक

संगणकावरच्या साहसी खेळांमध्ये शेवटी एक प्रबळ शत्रू वाट अडवून उभा असतो. वाटेतल्या लहानसहान शत्रूंना हरवत, बळ मिळवत त्याच्यापर्यंत पोहोचायचे आणि मग निकराची झुंज द्यायची, अशी ही रचना. खेळणारी मुले या शत्रूला ‘बॉस’ म्हणतात. ही कल्पना खेळ विकणाऱ्या एखाद्या कंपनीत जन्मली असावी, असे आपल्याला वाटेल. परंतु तिचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण सापडते ते विद्यार्थ्यांना धडे शिकवण्यासाठी उभारलेल्या एका संगणकावर. शिक्षकांनी हा इतिहास जाणून घ्यावा असे आम्हांला वाटते, ते याच कारणासाठी.

या संगणक-व्यवस्थेचे नाव होते ‘प्लेटो’. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर या अभियंत्याच्या पुढाकाराने तिची सुरुवात झाली. विद्यार्थ्याने संगणकासमोर बसावे, प्रश्न वाचावा, उत्तर द्यावे आणि ते बरोबर की चूक हे त्याला तत्काळ कळावे, हा तिचा हेतू. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिचा विस्तार बराच झाला होता. मध्यवर्ती संगणक एकच. पण दूरध्वनीच्या तारांनी त्याला जोडलेले शेकडो पडदे वेगवेगळ्या शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठांत बसवलेले होते.

हे पडदेही वेगळेच होते. बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ साली शोधलेले प्लाझ्मा तंत्र त्यांत वापरले होते. दोन काचांमध्ये वायू कोंडून त्याचे सूक्ष्म ठिपके विजेने उजळवायचे, हे त्यामागचे तत्त्व. उभे ५१२ आणि आडवे ५१२ ठिपके असलेला हा पडदा नारिंगी प्रकाशाने उजळे. लेखकाला स्वतःची अक्षरेही तयार करता येत. रसायनशास्त्रातील चिन्हे किंवा रशियन लिपी दाखवण्यासाठी ही सोय उपयोगी पडे. शिवाय पॉल टेन्झर यांनी १९६७ साली तयार केलेली ‘ट्यूटर’ ही संगणकभाषा इतकी सोपी होती, की संगणकतज्ज्ञ नसलेल्या शिक्षकालाही तिच्यात धडा लिहिता येई. जे शिक्षकाला जमे, ते विद्यार्थ्यालाही जमू लागले.

याच सुमारास, १९७४ साली, अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ बाजारात आला. त्याला संगणक लागत नसे. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेले चार मित्र एवढे पुरे. एकाने गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी योद्धे आणि जादूगार होऊन तळघरांच्या चक्रव्यूहात शिरायचे, राक्षसांशी लढायचे, खजिना मिळवायचा. महाविद्यालयीन तरुणांना या खेळाने वेड लावले.

सदर्न इलिनॉय विद्यापीठातील गॅरी व्हिझेनहंट आणि रे वुड हे दोघे या खेळाचे असेच चाहते. त्यांनी १९७४-७५ मध्ये प्लेटोवर त्याची संगणकी आवृत्ती लिहिली आणि तिला ‘डीएनडी’ हे नाव दिले. तिच्यातल्या तळघराला त्यांनी दोघांची आडनावे जोडून ‘व्हिझेनवुड’ म्हटले. तळघराला एकाखाली एक अनेक मजले. जितके खाली जावे तितके शत्रू बलवान. समोर आलेल्या शत्रूशी लढायचे, मंत्र वापरायचा की निसटायचे, हे खेळाडूने ठरवायचे. तळघरात एक दिव्य गोल होता आणि त्याच्या राखणीला होता सोनेरी ड्रॅगन. संगणक-खेळांच्या इतिहासात पहिला ‘बॉस’ म्हणून आज याच ड्रॅगनचे नाव घेतले जाते.

एक राखणदार ठेवल्याने खेळात काय बदलते? एक साधे गणित करून पाहू. हे नियम मूळ खेळातले नाहीत, समजण्यासाठी आम्ही केलेले आहेत. फाशावर ५ किंवा ६ पडले तर आपला घाव ड्रॅगनला लागतो आणि असे ६ घाव लागले की तो मरतो. म्हणजे सरासरी १८ फेऱ्या लढावे लागेल. उलट ड्रॅगनचा घाव ४, ५ किंवा ६ पडले की आपल्याला लागतो. म्हणजे १८ फेऱ्यांत सरासरी ९ घाव. ज्याची सहनशक्ती ३ घावांची आहे, तो बहुतेक वेळा मरणार. ९ घाव सोसू शकणाऱ्याचा सामना साधारण बरोबरीचा होईल. तेव्हा आधी लहान शत्रूंशी लढून बळ वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही. एका राखणदारामुळे सगळ्या भटकंतीला दिशा मिळते आणि प्रत्येक छोट्या विजयाला अर्थ येतो.

असे खेळ प्लेटोवर झपाट्याने पसरले. एका ठिकाणी लिहिलेली आज्ञावली तारेने जोडलेल्या कुठल्याही पडद्यावर उघडता येत असल्याने प्रसाराला वेगळे श्रम पडत नव्हते. प्रश्न उभा राहिला तो व्यवस्थापकांपुढे. संगणकाची साठवण आणि वेळ मर्यादित, पैसा शिक्षणासाठी मिळालेला आणि पडद्यांसमोर रात्री उशिरापर्यंत ड्रॅगनशी झुंजणारे तरुण! काहींचा अभ्यास मागे पडत होता, ही चिंताही खोटी नव्हती. काही खेळ पुसून टाकले गेले. रस्टी रदरफोर्ड या विद्यार्थ्याने १९७५ मध्ये लिहिलेल्या असल्याच एका खेळाचे नाव होते ‘पीएडिट५’. धड्यांसाठी राखलेली जागा त्याने वापरली होती आणि नावही तसेच रुक्ष ठेवले होते. तो खेळ वारंवार पुसला गेला. पण प्रती राहिल्या आणि त्यावरून इतरांनी नवे खेळ रचले. ‘डीएनडी’ मात्र टिकला. डर्क आणि फ्लिंट पेलेट यांनी १९७६ पासून १९८५ पर्यंत त्यात भर घातली.

पुढचा प्रवास तर आणखी दूरचा आहे. कॉर्नेल विद्यापीठात शिकणारे अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांना प्लेटोवरील खेळ परिचित होते. त्यांचा ‘विझार्ड्री’ हा घरगुती संगणकावरचा खेळ १९८१ साली आला. तो जपानमध्ये पोहोचला, आणि त्याच्या प्रभावातून युजी होरी यांनी १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला. त्याच्याही शेवटी एक ड्रॅगनराज बसलेला आहेच. शेवटी एक महाशत्रू असायचा, हा संकेत एव्हाना सर्वमान्य होऊ लागला होता.

या साऱ्याकडे आपण शिक्षक म्हणून कसे पाहायचे? प्लेटो ज्या गुणांमुळे शिकवण्यासाठी उपयुक्त ठरले, त्याच गुणांमुळे त्यावर खेळ फुलले. कळ दाबताच उत्तर मिळणे, चिन्हे स्वतः घडवता येणे, काल कुठवर आलो याची नोंद राहणे आणि वापरणाऱ्यालाच लेखक होता येणे, हे ते गुण. खेळ होऊच नयेत असा बंदोबस्त करायचा, तर विद्यार्थ्याच्या हातून लेखणी काढून घ्यावी लागली असती. मग चांगले धडेही कमी झाले असते. दुसरीकडे, मर्यादित साधने कोणासाठी आणि केव्हा, हा व्यवस्थापकांचा प्रश्नही रास्तच होता. गर्दीच्या वेळी धड्यांना अग्रक्रम आणि एरवी खेळाला मुभा, ही तडजोड पुसून टाकण्यापेक्षा शहाणपणाची होती.

आपल्या शाळेच्या संगणक-खोलीत एखादा मुलगा सांगितलेले काम सोडून स्वतःचा खेळ लिहीत बसला, तर त्याला उठवण्याआधी एकदा विचारावे: शेवटच्या शत्रूची ताकद किती ठेवलीस, आणि का? उत्तर देताना तो संभाव्यता, सरासरी आणि तर्क यांविषयी बोलू लागेल. त्याला जेवढे येते तिथूनच पुढचा धडा सुरू करता येईल.