साथकाळांतील यहुदी जबान्या

इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत फिलाडेल्फिया येथील यहुदी लोकांनीं साथ हटावी म्हणून दफनभूमींत एक लग्न लाविलें. विधीची बातमी वर्तमानपत्रांत छापून आली. पण थडग्यांपुढें उभें राहतांना त्या जोडप्यास काय वाटलें, हें आतां त्यांस कोण विचारणार?

२०२० च्या कोरोना-साथींत अमेरिकेंतील यहुद्यांच्या तोंडी जबान्या टिपून घेण्याचा उद्योग झाला, तो आम्हांस यासाठींच अगत्याचा वाटतो. एकच उदाहरण घेऊं. मृताच्या आप्तांनीं म्हणावयाच्या 'कद्दीश' प्रार्थनेस दहा प्रौढ एकत्र लागतात. मार्च २०२० मध्यें कॉन्झर्वेटिव्ह पंथाच्या धर्मनिर्णय-समितीच्या प्रमुखांनीं आणीबाणीपुरती ही संख्या संगणकाच्या पडद्यावर भरण्यास मोकळीक दिली. ऑर्थोडॉक्स आचार्यांनीं ती सामान्यतः मानली नाहीं. निर्णयाचा कागद राहीलच. परंतु बंद खोलींत एकट्यानें कद्दीश म्हणणारास पलीकडून 'आमेन' ऐकूं आलें कीं आवाज मध्येंच तुटला, हें त्याच्याच तोंडून कळावयाचें.

मात्र बखर व समकालीन पत्र यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. एप्रिल २०२० मधील वल्हांडणाची रात्र एकट्यानें काढून त्याच आठवड्यांत दिलेली जबानी हें पत्र. तीच हकीकत तीन वर्षांनीं सांगितली तर ती बखर. दोन्ही ठेवाव्या, पण सांगितल्याची तारीख, विचारणाराचा प्रश्न व सांगणाराचें अडखळणें जसेंच्या तसें नोंदवावें. मूळ ध्वनिमुद्रण हें अस्सल समजून जपावें. लिहून काढलेली प्रत ही नक्कल.