२००२ चा उन्हाळा, युद्धाचे सावट आणि नागपूर

१/ झिरो माइलचा स्तंभ मिरवणारे नागपूर देशाच्या मध्यभागी वसले आहे. सीमा येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकी ग्राहकाच्या लेखी नागपूर, पुणे आणि बंगळूर सारखेच धोक्यात होते. असे का झाले?

२/ १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला. 'ऑपरेशन पराक्रम' सुरू झाले आणि दोन्ही देशांचे मिळून सुमारे दहा लाख सैनिक समोरासमोर उभे ठाकले. १४ मे २००२ रोजी जम्मूजवळ कालूचक येथे हल्ला झाला आणि अण्वस्त्रयुद्धाची भाषा जगभर ऐकू येऊ लागली.

३/ ३१ मे रोजी अमेरिकेने आपल्या नागरिकांना भारत सोडण्याचा सल्ला दिला. हा सल्ला संपूर्ण देशासाठी होता. सीमेपासूनच्या अंतराला त्यात काहीही मोल नव्हते.

४/ अमेरिकी कंपन्यांची दैनंदिन कामे भारतातील संगणकांवर चालत होती. एका मोठ्या ग्राहकाने विप्रोचे विवेक पॉल यांना कळवले, की भारताला पर्याय शोधण्यात आपला वेळ जात आहे. पॉल यांनी ते पत्र वॉशिंग्टनमधील भारतीय राजदूतांपर्यंत पोहोचवले.

५/ या दबावानेच दिल्लीची भाषा मवाळ झाली, असे प्रतिपादन पत्रकार थॉमस फ्रीडमन यांनी केले. मात्र जूनमध्ये अमेरिकी उपपरराष्ट्रमंत्री रिचर्ड आर्मिटेज यांनी केलेली शिष्टाईही निर्णायक होती. एकाच कारणाला सारे श्रेय देणे इतिहासाला धरून नाही.

६/ ऑक्टोबरमध्ये सैन्यमाघारीची घोषणा झाली. ग्राहकांचा प्रश्न मात्र कायम राहिला: उद्या काम थांबले तर? केवळ स्वस्त दराने त्याचे उत्तर मिळत नव्हते. इन्फोसिसने मॉरिशसमध्ये पर्यायी केंद्राची तजवीज केली. टीसीएसने २००२ मध्येच उरुग्वेच्या मोंतेविदेओत केंद्र उघडले. त्यामागे अमेरिकेशी जुळणारी वेळ हेही कारण होते. एका ठिकाणी काम अडले, तर दुसरीकडे ते चालू ठेवण्याची हमी हाही आता स्पर्धेचा भाग झाला.

७/ त्याच २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि नागपूरच्या मिहान प्रकल्पाची सूत्रे तिच्याकडे आली. पुढे टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल तेथे आल्या. विदर्भातील तरुणांना घराजवळ मिळालेली ही नोकरी दूरदेशीच्या ग्राहकाच्या विश्वासावर उभी आहे आणि तो विश्वास सीमेवरील शांततेशी बांधलेला आहे.