अयन : सूर्याचे जाणे आणि थांबणे

गेली दहा-बारा वर्षे व्याख्यानात एक वाक्य मी हमखास टाळी घेण्यासाठी वापरत आलो. ‘सॉल्स्टिस’ म्हणजे सूर्याचे थांबणे आणि आपले ‘अयन’ म्हणजे सूर्याचे जाणे. रोमन लोकांना थांबा दिसला, आपल्या पूर्वजांना प्रवास दिसला. एका दिवाळी अंकातही मी ते छापून बसलो आहे. ते वाक्य अर्धे खोटे आहे, हे कबूल करणे मला भाग आहे.

आधी खरे अर्धे पाहू. मूळ लॅटिन शब्द ‘सोल्स्टिशियम’. ‘सोल’ म्हणजे सूर्य आणि ‘सिस्टेरे’ म्हणजे थांबणे, उभे राहणे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या व्हॅरो या रोमन पंडिताने लॅटिन भाषेवरच्या आपल्या ग्रंथात ही व्युत्पत्ती नोंदवलेली आहे. रोमन लोक हा शब्द मुख्यतः उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसासाठी वापरत. हिवाळ्यातल्या लहान दिवसाला त्यांचा शब्द वेगळा, ‘ब्रुमा’. त्याचा अर्थ सर्वांत आखूड. ग्रीकांनी ना थांबणे धरले, ना जाणे. त्यांनी वळणे धरले. त्यांचा शब्द ‘ट्रोपे’, आणि कर्कवृत्त-मकरवृत्तांना इंग्रजीत ‘ट्रॉपिक’ म्हणतात ते त्यावरूनच.

आपला ‘अयन’ हा ‘इ’ म्हणजे जाणे या धातूपासून झाला. रामायणात रामाचे जे अयन आहे, तेच उत्तरायणात सूर्याचे. इथपर्यंत माझे बरोबर होते. अडचण अशी, की अयन हे सहा महिन्यांच्या चालीचे नाव आहे आणि सॉल्स्टिस हे त्या चालीच्या टोकाचे. दोन वेगळ्या वस्तूंची नावे शेजारी ठेवून मी दोन संस्कृतींचा स्वभाव सांगत सुटलो होतो.

सूर्य थांबतो म्हणजे काय, हे मला पुस्तकातून नव्हे, गच्चीवर कळले. सलग दोन डिसेंबर मावळतीच्या वेळी कठड्यावर खडूने खुणा केल्या. मार्चमध्ये अशा खुणा रोज ठळक सरकतात. विषुवदिनाच्या सुमारास सूर्याची क्रांती दिवसाला सुमारे २४ कला बदलते आणि सूर्यबिंब ३२ कलांचे आहे, म्हणजे रोज पाऊण बिंब. अयनबिंदूपाशी मात्र आधीच्या पाच दिवसांत मिळून जेमतेम सहा कला. १८ डिसेंबरची खूण आणि २४ डिसेंबरची खूण माझ्या खडूच्या जाडीत एकच झाली. घरच्यांनी याची यथेच्छ चेष्टा केली, ती रास्तच होती.

मग जुन्या लोकांनी नेमका दिवस काढला कसा? थांबलेल्या सूर्याकडे बघून तो काढता येत नाही. तो काढायचा अलीकडे-पलीकडे बघून. उत्तम उदाहरण आपल्या कोल्हापुरातच आहे. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव ९, १० आणि ११ नोव्हेंबरला होतो आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मावळता सूर्य महाद्वाराच्या रोखाने गाभाऱ्यापर्यंत पोहोचावा अशी त्याची एकच ठरावीक जागा आहे. दक्षिणेकडे जाताना तो तिथे एकदा येतो आणि परतताना पुन्हा एकदा. १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हे ८३ दिवस. त्यांचा मध्य काढा, २१-२२ डिसेंबर येतो. देऊळ बांधणाऱ्यांच्या मनात हे गणित होते असा माझा दावा नाही. पण अयनदिन शोधण्याची रीत कोणाला समजावून द्यायची असेल तर मी आता हेच सांगतो.

आता खोट्या अर्ध्याकडे. माझे ते टाळीचे वाक्य ऐकून एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी मला बाजूला घेतले आणि विचारले, “कौषीतकी ब्राह्मण वाचलंय का तुम्ही?” वाचले नव्हते. हे ऋग्वेदाचे ब्राह्मण. त्याच्या एकोणिसाव्या अध्यायात वर्षाचा क्रम दिला आहे: माघाच्या अमावास्येला सूर्य उत्तरेकडे वळण्यापूर्वी विसावतो, सहा महिने उत्तरेकडे जातो, मग दक्षिणेकडे वळण्यापूर्वी थांबतो, सहा महिने दक्षिणेकडे जातो आणि पुन्हा थांबतो. जाणे, थांबणे, वळणे, तिन्ही एकाच उताऱ्यात! रोमन, ग्रीक आणि आपण अशी जी वाटणी मी करत होतो ती तिथे एका फटक्यात उडाली.

आणि ‘थांबतो’ यासाठी तिथे जे क्रियापद आहे ते ‘स्था’चे. संस्कृतातले ‘तिष्ठति’ आणि लॅटिनमधले ‘सिस्टेरे’ ही एकाच इंडो-युरोपीय धातूची रूपे आहेत आणि दोन्हींत धातूची द्विरुक्तीही तशीच झालेली आहे. ‘सोल’ आणि ‘सूर्य’ हेही एकाच मुळाचे. म्हणजे ज्या शब्दाला मी परका ठरवत होतो, त्याचे दोन्ही तुकडे आपल्या घरात आहेत. कोणी कोणाकडून उसना घेतला असा याचा अर्थ मुळीच नाही. जुन्या घराण्यातल्या दोन शाखांनी आपापल्या गच्चीवरून तोच सूर्य पाहिला, एवढेच.

‘अयन’ हा शब्द आपल्याकडे टिकला, पण जागेवरून हलला. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठेच्या आरंभी आणि दक्षिणायनाचा आश्लेषेच्या मध्यावर सांगितला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने लिहून ठेवले, की पूर्वी तसे असेल, आता दक्षिणायन कर्केच्या आणि उत्तरायण मकरेच्या आरंभी होते. हे त्याचे धाडसच म्हणायचे. अयनबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरतो. त्यामुळे मकरसंक्रांत आणि खरे उत्तरायण यांत आज २३-२४ दिवसांचे अंतर पडले आहे. आपली पंचांगे २१-२२ डिसेंबरला उत्तरायणारंभ छापतात, आणि आपण तो १४ जानेवारीला तिळगूळ देऊन साजरा करतो.

जाता जाता आणखी एक. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ला मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असे आपण सर्रास म्हणतो. अर्थाने खरे, तारखेने नाही. नाक्षत्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा किंचित मोठे असल्यामुळे संक्रांत हळूहळू पुढे सरकत आली आहे. त्या वर्षी ती युद्धाच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक. १८९६ साली मराठीत छापलेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या त्यांच्या ग्रंथामुळेच माझ्यासारख्याला या विषयात पाय ठेवता आला. ते सायन पंचांगाच्या बाजूचे होते, म्हणजे उत्तरायण आकाशात होईल तेव्हाच पंचांगातही व्हावे, या मताचे. पुण्या-मुंबईत त्यावर वाद झाले आणि व्यवहारात निरयन पंचांगच टिकले. मला दीक्षितांची बाजू पटते. संक्रांत मात्र मी जानेवारीतच करतो.

वराहमिहिराने अयन बदलल्याचे सांगून ते पडताळण्याची रीतही दिली आहे: उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचा वेध दूरच्या एखाद्या खुणेवरून घ्या, किंवा मोठ्या वर्तुळात शंकूची सावली आत कुठे शिरते आणि बाहेर कुठे पडते ते पाहा. माझा कठडा यंदा रंगवलेला आहे, त्यामुळे खडूला बंदी आहे. नोव्हेंबरपासून समोरच्या पाण्याच्या टाकीचा कोपरा खूण म्हणून धरणार आहे.